ऑपरेशन झाले, कागदावर काय लिहिले?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया हा मुंबई-पुण्याच्या बंगलेवाल्यांचा विषय, आपल्या समाजाचा त्याच्याशी काय संबंध, असे आरोग्य पानाच्या काही वाचकांना वाटेल. तसे आता राहिलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील दर शंभर स्त्रियांपैकी २४ आणि दर शंभर पुरुषांपैकी जवळपास २३ जणांचे वजन प्रमाणाबाहेर निघाले. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हेच आकडे २१ आणि १९ च्या आसपास होते. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या हक्काच्या बळावर आपली माणसे शिक्षक झाली, एस.टी.त चालक-वाहक झाली, पोलिसात गेली, बँकेत आणि वीज कंपनीत लागली. शेतातली मोलमजुरी सुटली हे चांगलेच झाले. पण बैठे काम, रात्रपाळी, बाहेरचे खाणे आणि त्यामागून आलेली शुगर, बीपी, गुडघेदुखी हेही पदरात पडले. आज आपल्या वस्तीतही बॅरियाट्रिक शस्त्रक्रिया करून आलेली माणसे भेटतात. कुणी नोकरीतल्या विम्यावर केली, कुणी सोसायटीचे कर्ज काढून, कुणी प्लॉट विकून.

आमचा देवगाव फाटा सेलू तालुक्यातला. एक वाट सेलूला, एक जिंतूरला, एक मंठ्यावरून जालन्याला. साध्या दुखण्याला माणूस सेलू-परभणी करतो. मोठे काही निघाले की छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा थेट हैदराबाद. ऑपरेशन तिकडे होते, पुढचे आयुष्य मात्र इकडे काढायचे असते. उलटी, चक्कर, हातापायाला मुंग्या, अशक्तपणा हे सगळे इकडे घरी आल्यावर सुरू होते. तेव्हा समोरचा डॉक्टर पहिलाच प्रश्न विचारतो, "ऑपरेशन कोणते झाले?" मग पिशवीतून कागद निघतात. औषधांची बिले निघतात, सोनोग्राफीचे फोटो निघतात, पैसे भरल्याच्या पावत्या निघतात. डिस्चार्ज कार्डावर मात्र दोन ओळी असतात: वजनाचे ऑपरेशन झाले, प्रकृती स्थिर, अमुक दिवसांनी दाखवणे. असे कार्ड आम्ही एकाच रुग्णाच्या हातात पाहिलेले नाही. लाखो रुपये मोजून आणलेला हा कागद फाट्यावरच्या डॉक्टरच्या काहीही उपयोगाचा नसतो.

ऑपरेशन करावे की करू नये, हा या लेखाचा विषय नाही. तो निर्णय रुग्णाने आणि सर्जनने मिळून घ्यायचा. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याने ते केले त्याच्या कागदावर रोगाचे नाव, ऑपरेशनचे नाव आणि मोजमापाचे आकडे पूर्ण लिहिलेले असले पाहिजेत आणि तो कागद रुग्णाच्या घरात असला पाहिजे. विम्याचा क्लेम त्यावर उभा असतो आणि कधी कधी जीवसुद्धा.

जीव म्हणतो, ते का ते सांगतो. वजनाची शस्त्रक्रिया ही एकच शस्त्रक्रिया नव्हे. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात आणि उरलेल्याची बारीक नळी करतात. आतडे आहे तसेच राहते. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याचा काही भाग वगळून जाते. बायपासमध्येही दोन जोड असलेला वेगळा, एकच जोड असलेला वेगळा. बाहेरून पाहिले तर तिन्ही रुग्णांच्या पोटावर दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या त्याच चार-पाच बारीक खुणा. कागद नसेल तर आत काय आहे हे जिंतूरच्या डॉक्टरने कसे ओळखावे?

आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. अशक्तपणा आला की सलाईन. "डॉक्टर, एक बाटली लावा, म्हणजे तरतरी येईल." आता असा रुग्ण समजा, ज्याला ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे उलट्या होत आहेत आणि पोटात अन्न ठरत नाही. त्याच्या शरीरातला थायमिनचा, म्हणजे जीवनसत्त्व ब-१ चा साठा संपत आलेला असतो. हा साठा मुळातच थोड्या आठवड्यांपुरता असतो. अशा वेळी थायमिन न देता ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला इजा होऊ शकते: डोळे फिरतात, तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. पुढे विस्मरण कायमचे राहू शकते. आधी थायमिनचे इंजेक्शन, मग ग्लुकोज, एवढाच उपाय आहे आणि तो महागही नाही. पण हे डॉक्टरला सुचायला त्याला आधी कळले पाहिजे की, हा रुग्ण बॅरियाट्रिक शस्त्रक्रियेचा आहे. बरोबर आलेला भाऊ म्हणतो, "पोटाचं काहीतरी ऑपरेशन झालंय." पोटाचे काहीतरी म्हणजे अपेंडिक्सही असते आणि हर्नियाही.

दुसरी गोष्ट शुगरच्या गोळ्यांची. या शस्त्रक्रियेनंतर रक्तातली साखर काही दिवसांतच उतरू लागते, वजन उतरण्याची वाटही पाहत नाही. म्हणून इन्सुलिनचा आणि गोळ्यांचा डोस लगेच कमी करावा लागतो. पण घरात जुनी चिठ्ठी असते, मेडिकलवाला ओळखीचा असतो, तो जुन्याच गोळ्यांचे पान देतो. पहाटे घाम फुटून माणूस बेशुद्ध पडतो आणि घरचे समजतात, ऑपरेशन बाधले. बीपीच्या गोळ्यांचेही तेच. डिस्चार्ज कार्डावर "जुनी अमुक गोळी बंद, अमुक निम्मी" असे स्पष्ट लिहिलेले असेल तर हा प्रसंग येत नाही. "आधीची औषधे चालू ठेवणे" असा शिक्का मारलेले कार्ड या रुग्णाला धोक्याचे आहे.

गुडघा दुखतो म्हणून फाट्यावर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्या सुट्या मिळतात. बायपास झालेल्याला त्या जोडाच्या जागी अल्सर करू शकतात. गरोदर बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात ग्लुकोजचे पाणी पाजून साखर तपासतात. कार्यक्रम चांगला आहे, पण बायपास झालेल्या बाईला ते पाणी सोसत नाही. धडधड, घाम, गरगरणे सुरू होते. तिची तपासणी दुसऱ्या पद्धतीने करायची असते. शिवाय ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नयेत, असा सल्ला असतो. हा सल्ला सुनेला सांगितला आणि सासूला सांगितला नाही तर घरात काय होते, ते आम्ही वाचकांना सांगायला नको. त्यासाठीही तो लेखी हवा. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या बहुतेकांना आयुष्यभर घ्याव्या लागतात. दोन वर्षांनी 'आता बरं आहे' म्हणून बंद केल्या की हातापायाला मुंग्या येतात, रक्त कमी होते आणि पुन्हा तोच प्रश्न येतो: ऑपरेशन कोणते झाले?

आता विषयाची दुसरी बाजू. जगभरच्या रुग्णालयांत रोगांना आणि उपचारांना आकडे दिलेले असतात. १८९३ साली बर्टिलॉन या फ्रेंच गृहस्थांनी मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली, त्या यादीची वाढ होत होत आज जागतिक आरोग्य संघटनेचे रोगांचे वर्गीकरण तयार झाले. दहाव्या आवृत्तीत लठ्ठपणाचा कोड आहे ई ६६. म्हणजे लठ्ठपणा हा रोगांच्या यादीतला रोग आहे. आळशीपणा किंवा खादाडपणा अशी नोंद त्या यादीत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण लग्नात, विहारात, एस.टी.त जाड माणसाची टिंगल करणारे आपल्यातही कमी नाहीत. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांसमोर येऊन बसला, अशी कथा संयुत्त निकायात आहे. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही. मात्रा ओळखून जेवण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावून रोज जेवताना म्हणायला ठेवले आणि हळूहळू आहार नाळीभर भातावर आणला. उपाय सांगितला, रोज आठवण करून देणारा माणूस नेमला, माप ठेवले. आजचे आहारतज्ज्ञ यापेक्षा निराळे काय करतात!

या कोडांचा संबंध आपल्या घराशी कसा येतो, ते पाहा. बी.एस्सी., बी.फार्म., नर्सिंग केलेली आपली कितीतरी मुले-मुली आज पुणे, हैदराबाद, चेन्नईत मेडिकल कोडिंगची नोकरी करतात. अमेरिकेतल्या रुग्णाचा केसपेपर संगणकावर येतो, तो वाचून हे कोड टाकतात. दुर्बिणीतून केलेली स्लीव्ह असेल तर ४३७७५. पूर्वी बॅरियाट्रिक शस्त्रक्रिया झालेली आहे एवढे सांगायला झेड ९८.८४. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर तिकडे लठ्ठपणाचे वर्ग एक, दोन, तीन असे वेगळे कोड आले. तिसऱ्या वर्गाला ई ६६.८१३. त्या धंद्याचा एक कडक नियम आहे. डॉक्टरने लिहिलेले नाही ते झालेच नाही असे धरायचे, कोडरने मनाने काही भरायचे नाही. वजन आणि उंची नर्सने लिहिलेली चालते, पण 'लठ्ठपणा' हे निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच लिहावे लागते. नुसत्या आकड्यावरून कोडरने रोग ठरवायचा नाही. म्हणजे परभणी जिल्ह्यातला पोरगा रात्रपाळीत जागून टेक्सासच्या बाईच्या पोटात कोणते ऑपरेशन झाले, ते पाच आकड्यांत अचूक नोंदवतो आणि त्याच्या सख्ख्या मावशीच्या कार्डावर मात्र 'वजनाचे ऑपरेशन' एवढेच असते. आम्हाला याची चीड येते. त्या बाईचा कागद नीट असावाच. पण मावशीचाही असावा.

आपल्याकडे कोडवरून अडते ते विम्यात. सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्य विम्यातले अपवाद सगळ्या कंपन्यांसाठी एका भाषेत बांधून दिले. त्यात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचे कलम 'एक्स्क्ल ०६' या संकेतांकाचे. हे कलम दाखवून एजंट सांगतो, "वजनाचं ऑपरेशन विम्यात बसत नाही." ते अर्धसत्य आहे. कलमाचा अर्थ असा की, पुढच्या सगळ्या अटी पूर्ण होत नसतील तर खर्च मिळणार नाही: शस्त्रक्रिया डॉक्टरच्या सल्ल्याने असावी, तिला वैद्यकीय पद्धतीचा आधार असावा, वय १८ पूर्ण असावे, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असावा, किंवा ३५ व त्याहून जास्त असून सोबत चारपैकी एक गंभीर आजार असावा आणि साधे उपाय करूनही वजन उतरलेले नसावे. ते चार आजार म्हणजे लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा रोग, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार आणि आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह. अटी पूर्ण होत असतील तर हे कलम आड येत नाही. पॉलिसीतली प्रतीक्षेची मुदत वगैरे बाकीच्या अटी वेगळ्या वाचाव्यात, आणि नोकरीतल्या सामूहिक विम्याचा कागद तर जरूर वाचावा.

यातला प्रत्येक शब्द कागदावर सिद्ध करावा लागतो. 'साधे उपाय करूनही' म्हणजे काय? कुणी, कधी, किती महिने आहार दिला, वजन किती होते आणि किती झाले, याची तारीखवार नोंद. 'झोपेत श्वास अडकतो' हे बायको सांगते. विमा कंपनीला झोपेच्या तपासणीचा अहवाल लागतो. 'शुगर आटोक्यात नाही' म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी, तीही एकदाच केलेली नव्हे. ऑपरेशन ठरल्यावर आठ दिवसांत हे कागद उभे राहत नाहीत. ते वर्षभर आधीपासून साचवायचे असतात. गावातला दवाखाना, आरोग्यवर्धिनी केंद्र, कुठेही वजन केले तरी तारीख घालून लिहून घ्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा तपासणी फॉर्म आशाताई भरतातच. त्यात कमरेचा घेरही असतो. तो फॉर्म भरताना कंटाळा करू नका.

आणि उंची! बीएमआय म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. दीड मीटर उंचीच्या बाईचे वजन ७९ किलो असेल तर बीएमआय येतो ३५.१. तिची उंची चपलेसकट मोजून १५२ सेंटीमीटर लिहिली की तोच आकडा ३४.२ होतो आणि मधुमेह असूनही ती अटीबाहेर जाते. दोन सेंटीमीटरच्या चपलेने काही लाखांचा क्लेम जाऊ शकतो. म्हणून उंची अनवाणी मोजायची आणि दर वेळी तीच यायला हवी. एका कागदावर १५० आणि दुसऱ्यावर १५४ असेल तर कंपनीचा माणूस त्यावरच बोट ठेवतो.

इथे आमची एक तक्रार नियामकांकडे आहे. भारतीय माणसाच्या पोटावर चरबी लवकर साठते आणि कमी वजनातच त्याला मधुमेह गाठतो, हे आपल्याच तज्ज्ञांनी सांगितले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय तज्ज्ञांच्या एकमताच्या निवेदनात शस्त्रक्रियेचा विचार करण्याची मर्यादा सोबत आजार असल्यास ३२.५ आणि नसल्यास ३७.५ अशी धरली होती. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय व अमेरिकन सर्जन संघटनांनी मर्यादा आणखी खाली आणल्या आणि आशियाई लोकांसाठी तर त्याहून खाली. विम्याचे कलम मात्र ३५ आणि ४० वर अडून आहे. दीड मीटरच्या बाईच्या हिशेबात बोलायचे तर इतर आजार नसताना भारतीय तज्ज्ञ साडेचौऱ्याऐंशी किलोला ऑपरेशनचा विचार करा म्हणतात, कंपनी ९० किलोला. मधले साडेपाच किलो तिने वाढवायचे की काय? त्या चार आजारांच्या यादीत गुडघ्यांची झीज नाही, उच्च रक्तदाब नाही, बीजकोशांच्या विकाराने मूल न होणे नाही. म्हणजे आपल्या बाया ज्या कारणांनी डॉक्टरकडे जातात, त्यातली बरीचशी कारणे यादीबाहेर. ही यादी कुणाची शरीरे डोळ्यांपुढे ठेवून केली, असा प्रश्न आम्ही विचारणारच.

मात्र हा अन्याय आहे म्हणून कागदावर खोटे लिहून घ्यायचे, याला आमचा विरोध आहे. "डॉक्टर, दोन किलो वाढवून लिहा, क्लेम बसेल," असे सांगणारे नातेवाईक असतात, तसे लिहून देणारेही असतात. चौथे शील आम्ही विहारात म्हणतो ते विहारापुरते नाही. व्यवहारातही हे अंगाशी येते: भूल देणारा डॉक्टर वजनावरून औषध मोजतो, त्याच्या नोंदीत खरे वजन असते, आणि दोन कागदांतला फरक कंपनीला सापडला की फसवणुकीचा शिक्का बसतो. पॉलिसी काढताना शुगर लपवण्याचेही तसेच. २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक मात्र त्याला अपवाद आहे. एजंटने 'काही लिहू नका' म्हटले तरी लिहायचे. अटी चुकीच्या असतील तर त्या बदलून घेण्यासाठी भांडू, निवेदने देऊ. आकडा खोटा लिहिणार नाही.

वजनाच्या आकड्यावरून किती वाद होऊ शकतो, हे मुंबईने २०१७ मध्ये पाहिले. इमान अहमद या इजिप्तच्या तरुणीला फेब्रुवारीत सैफी रुग्णालयात आणले गेले. वजन ५०० किलोच्या घरात असल्याचे सांगितले गेले. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. एप्रिलमध्ये रुग्णालयाने वजन भराभर उतरल्याचे सांगितले, बहिणीने त्या दाव्यावर जाहीर शंका घेतली, रुग्णालयाने आरोप फेटाळले. मे महिन्यात तिला अबूधाबीला नेले आणि २५ सप्टेंबरला तिचे तिथेच निधन झाले. कोण खरे, कोण खोटे, याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. एवढे मात्र दिसते की, कोणत्या दिवशी, कोणत्या काट्यावर, कुणासमोर वजन केले, याची दोन्ही बाजूंना मान्य अशी नोंद असती तर टीव्हीवर भांडायला जागा कमी राहिली असती. जगभर गाजलेल्या रुग्णाची ही गत, तर फाट्यावरून गेलेल्या माणसाच्या बाबतीत कोण विचारतो?

रुग्णालयाकडून कागद मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात आणि दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात. त्याही आधी, १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णाला केसपेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत असे म्हटले आहे. तरी अनुभव असा की, काउंटरवरचा माणूस "फाईल रेकॉर्डला गेली" म्हणतो आणि आपला माणूस पागोटे सावरत परत फिरतो. तोंडी मागू नका. अर्ज करा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. महाडच्या तळ्याचा हक्क आपण आधी सत्याग्रहाने मागितला, पण १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला तो विरोधकांना आपली जुनी वहिवाट सिद्ध करता आली नाही म्हणून. पुराव्याची किंमत आपल्या समाजाला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही.

क्लेम नाकारला तर कंपनीकडून कारण लेखी घ्या आणि त्या कारणात कोणते कलम आहे, ते पाहा. कंपनीकडे तक्रार करूनही ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या भागासाठी कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, मात्र वर्षाच्या आत जावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल थोडक्यात सांगायचे तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात मिळतात, पण यादीतल्याच उपचारांना आणि ठरलेल्या पॅकेजच्या कोडनेच. यादी वेळोवेळी बदलते. म्हणून भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, आपले ऑपरेशन कोणत्या कोडखाली बसते आणि बसत नसेल तर तसे सांगा. १५५३८८ वर फोन करूनही विचारता येते.

डॉक्टरांची बाजू आम्हाला ठाऊक आहे. एकेका निवासी डॉक्टरला दिवसाला वीस-तीस कार्डे लिहावी लागतात, रुग्णाच्या नातेवाइकांना गाडी गाठायची घाई असते. तरी आमची मागणी रास्त आहे. बॅरियाट्रिक शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने इंग्रजी कार्डाबरोबर मराठीत एक पान द्यावे. त्यावर ऑपरेशनचे पूर्ण नाव, तारीख, आधीचे वजन-उंची, सोबतचे आजार, बंद केलेली औषधे, आयुष्यभर घ्यायच्या गोळ्या, टाळायच्या गोळ्या आणि 'वारंवार उलट्या होत असल्यास ग्लुकोजआधी थायमिन द्यावे' ही एक ओळ. छापील नमुना केला तर भरायला पाच मिनिटे लागतील. परभणीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना असे कार्ड वाचायला आणि लिहायला शिकवावे.

कोडिंगच्या नोकरीतल्या आपल्या मुलामुलींकडेही आमचे मागणे आहे. दिवाळीला, १४ एप्रिलला गावी येता, तेव्हा एक दुपार विहारात बसा. ज्यांच्या घरात मोठे ऑपरेशन झाले आहे, त्यांच्या फाइली उघडा; कार्डात काय लिहायचे राहिले ते सांगा, रुग्णालयाला द्यायचा अर्ज लिहून द्या. अमेरिकेच्या कागदात एक शब्द कमी असला तरी तुम्ही डॉक्टरला प्रश्न पाठवता. तोच प्रश्न इथेही पाठवता येतो. विनयाच्या महावग्गात भगवंत आणि आनंद यांनी आजारी भिक्षूला स्वतः धुऊन पुसून नीट निजवल्याची हकिकत आहे. तिथेच सेवा करायला सोपा असा रोगी कोणता, हेही सांगितले आहे. आजार वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, आहे तसा सांगणारा, हा त्याचा एक गुण. भ्रमिष्ट झालेला किंवा बेशुद्ध पडलेला रुग्ण हे तोंडाने सांगू शकत नाही. त्याच्या वतीने कागद सांगतो.

शेवटी फाईलविषयी. ईसीजीच्या आणि वजनाच्या काट्यावरून निघणाऱ्या पट्ट्या, सोनोग्राफीचे काही फोटो उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ते वर्षा-दोन वर्षांत कोरे होतात. त्यांच्या त्याच आठवड्यात दोन झेरॉक्स काढा. ऑपरेशनचे पान आणि औषधांचे पान यांचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा. चौदा आकडी आभा क्रमांक काढला असेल तर तो कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मूळ कागद कापडाच्या दुकानाच्या पिशवीत नको. पन्नास रुपयांची बटणाची फाईल आणा, वर मोठ्या अक्षरात नाव आणि ऑपरेशन लिहा आणि घरात सगळ्यांना दाखवून ठेवा, ती कुठे आहे.